स्मरणरंजन आणि मालकी : १९८० च्या दशकातील अमेरिकन पंक संगीताच्या पुनरागमनाचा अभ्यास

प्रस्तावना

१९८० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या, व्यापारी नभोवाणी आणि बडी नियतकालिके यांच्या कक्षेबाहेर एक स्वतंत्र संगीतविश्व उभे राहिले. पंक, त्याचे अधिक वेगवान व आक्रमक रूप असलेले हार्डकोअर आणि पुढे ऑल्टरनेटिव्ह रॉक अशा नावांनी ते ओळखले जाते. काही हजार प्रती खपल्या तरी समाधान मानणारे त्या काळातील बँड आज ग्रंथ, माहितीपट, ग्रंथालयीन संग्रह, पुनःप्रकाशने आणि पुनर्मीलनाचे दौरे यांचा विषय झाले आहेत. २००१ या एकाच वर्षी मायकेल अझेराड यांचा तेरा बँडांचा इतिहास, स्टीव्हन ब्लश यांचा 'अमेरिकन हार्डकोअर' आणि मार्क अँडरसन व मार्क जेन्किन्स यांचा 'डान्स ऑफ डेज' असे तीन ग्रंथ प्रसिद्ध झाले. शासकीय मान्यताही मिळाली. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत २००५ च्या यादीत सॉनिक यूथ या बँडच्या 'डेड्रीम नेशन' (१९८८) या संग्रहाचा, तर २००९ च्या यादीत आर.ई.एम. या बँडच्या 'रेडिओ फ्री युरोप' (१९८१) या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा समावेश झाला.

या साऱ्या घडामोडींना स्मरणरंजन असे नाव देऊन बाजूला सारण्याची प्रवृत्ती आढळते. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या चाहत्यांची तरुणपणाविषयीची ओढ, एवढाच तिचा अर्थ लावला जातो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. स्मरणरंजन ही मनाची अवस्था असली तरी तिला सामग्री लागते. जुने गाणे पुन्हा ऐकायचे तर त्याची मूळ फीत कोणाच्या तरी ताब्यात असावी लागते, ती प्रकाशित करण्याचा हक्क कोणाकडे तरी असावा लागतो आणि जुन्या नावाने रंगमंचावर उभे राहायचे तर ते नाव कोणाचे हे ठरलेले असावे लागते. १९८० च्या दशकात हिशेब कोणी ठेवले, करार कोणी केले वा टाळले आणि फिती कोणाच्या कपाटात राहिल्या, यांवर तो काळ आज कोणत्या रूपात परत येतो हे बऱ्याच अंशी अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस परिसर आणि सॅन फ्रान्सिस्को येथील तीन प्रकाशनसंस्थांच्या आधारे या विधानाची तपासणी केली आहे.

वॉशिंग्टन : सहाशे डॉलर आणि एक हिशेबवही

टीन आयडल्स हा वॉशिंग्टनमधील शाळकरी मुलांचा बँड १९७९ मध्ये स्थापन झाला आणि १९८० च्या अखेरीस विसर्जितही झाला. या अल्पकाळात कार्यक्रमांतून मिळालेले पैसे सदस्यांनी वाटून न घेता सिगारच्या एका डब्यात साठविले होते. ती रक्कम सुमारे सहाशे डॉलर भरली. ती आपापसांत वाटावी की बँड संपला असला तरी त्याची एक ध्वनिमुद्रिका काढावी, असा प्रश्न निर्माण झाला. मुलांनी दुसरा पर्याय निवडला. इयन मकाय, जेफ नेल्सन आणि नेथन स्ट्रेचेक यांनी त्यासाठी 'डिस्कॉर्ड' ही प्रकाशनसंस्था काढली. आठ गाण्यांच्या या छोट्या ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या हजार प्रतींची वेष्टने कशी करावीत हेही कोणाला ठाऊक नव्हते. एका ब्रिटिश ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन उकलून, त्याचा नमुना उतरवून, कात्री आणि गोंद घेऊन ती हाताने तयार करण्यात आली.

या घटनेचे वर्णन अनेक ग्रंथांत येते आणि बहुधा 'स्वतः करा' या पंक वृत्तीचे उदाहरण म्हणून येते. तिचा दुसरा पैलू मात्र दुर्लक्षित राहतो. डिस्कॉर्डची पहिली ध्वनिमुद्रिका ही मुळातच एक स्मृतिचिन्ह होती. बँड अस्तित्वात नव्हता, विक्रीला चालना देण्यासाठी दौरा होणार नव्हता आणि नफ्याची अपेक्षा नव्हती. झालेल्या गोष्टीची नोंद राहावी हाच हेतू होता. संस्थेने पुढेही हेच धोरण सांभाळले. केवळ वॉशिंग्टन परिसरातील बँडांच्या ध्वनिमुद्रिका काढायच्या, लेखी करार करायचा नाही आणि खर्च वजा जाता उरणारा नफा बँडबरोबर निम्मा वाटून घ्यायचा, अशी ती रीत होती. करार नसल्यामुळे सारी भिस्त नियमित हिशेबावर आणि परस्परविश्वासावर होती. बंडखोरीचा डंका वाजविणाऱ्या संगीताच्या पाठीशी नेमाने लिहिलेली हिशेबवही असावी, यात काहींना विसंगती वाटेल. वस्तुतः ती वही हाच या बंडाचा सर्वांत टिकाऊ भाग ठरला.

मकाय आणि नेल्सन यांचा पुढचा बँड मायनर थ्रेट १९८० ते १९८३ एवढाच काळ टिकला. दारू व अमली पदार्थांपासून दूर राहणाऱ्या 'स्ट्रेट एज' या जीवनरीतीला या बँडच्या गाण्यावरूनच नाव मिळाले. त्या रीतीचे चिन्ह म्हणून तळहाताच्या पाठीवर काढली जाणारी काळी फुली मात्र मुळात बंडाची खूण नव्हती. अल्पवयीन श्रोत्यांना दारू दिली जाऊ नये म्हणून सॅन फ्रान्सिस्कोतील एका क्लबमध्ये टीन आयडल्सच्या सदस्यांच्या हातावर ती काढण्यात आली होती. ती युक्ती त्यांनी वॉशिंग्टनच्या क्लबचालकांपुढे मांडली, जेणेकरून अल्पवयीनांनाही आत प्रवेश मिळावा. व्यवहाराची सोय म्हणून आलेली खूण पुढे अस्मितेचे प्रतीक बनली आणि कालांतराने कापडावर छापून विकलीही जाऊ लागली.

या परिसराने आपल्या आठवणींचे संकलन विलक्षण लवकर सुरू केले. सिंथिया कॉनोली, लेस्ली क्लेग आणि शॅरन चेस्लो यांचे 'बॅन्ड इन डीसी' हे छायाचित्रे व आठवणींचे पुस्तक १९८८ मध्येच प्रसिद्ध झाले. जे घडले त्याला तेव्हा दहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. या संगीताभोवती चाहत्यांनी काढलेल्या अनियतकालिकांचे, झेरॉक्स केलेल्या पत्रकांचे व पत्रव्यवहाराचे जाळे होते. त्यातील कागद फेकून न देता सांभाळून ठेवण्याची सवय याच मंडळींनी लावून घेतली. २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 'डीसी पंक अर्काइव्ह' सुरू केले. लोकांनी घरोघरी जपलेला असा ऐवज उपलब्ध होता म्हणूनच असा संग्रह उभा राहू शकला.

या चित्रात काही रिकाम्या जागाही आहेत. वॉशिंग्टनच्या हार्डकोअरला वेगाचा आणि वादनकौशल्याचा आदर्श घालून देणारा बॅड ब्रेन्स हा कृष्णवर्णीयांचा बँड होता. जॅझ-फ्यूजनकडून पंककडे वळलेले हे चार वादक-गायक लवकरच न्यूयॉर्कला गेले आणि त्यांचा पहिला संग्रह १९८२ मध्ये तेथील आरओआयआर या कंपनीकडून ध्वनिफितीच्या स्वरूपात निघाला. डिस्कॉर्डच्या व्यवस्थेचे संरक्षण त्यांना लाभले नाही. श्वेतवर्णीय मध्यमवर्गीय मुलांनी जपलेल्या दप्तरात त्यांचे स्थान गुरुस्थानीचे असले तरी ते दप्तर त्यांचे स्वतःचे नव्हे. तसेच, दशकाच्या पूर्वार्धात श्रोत्यांमधील मारामारी इतकी वाढली होती की अनेक जुने सहभागी दूर झाले. १९८५ च्या 'रिव्होल्यूशन समर'मध्ये राइट्स ऑफ स्प्रिंगसारख्या बँडांनी संगीताची भावनिक प्रकृतीच बदलली, दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर ढोल व पत्र्याचे डबे बडवून वर्णभेदाचा निषेध करण्यात आला आणि 'पॉझिटिव्ह फोर्स' ही कार्यकर्त्यांची संघटना सुरू झाली. पुनर्मीलनाच्या जाहिरातींतून जो काळ डोकावतो त्यात या आत्मपरीक्षणाला क्वचितच जागा मिळते.

कॅलिफोर्निया : कपाटात राहिलेल्या फिती

लॉस एंजेलिसजवळील हर्मोसा बीच येथील एसएसटी या संस्थेची कथा वेगळ्या दिशेने जाते. रेडिओची उपकरणे विकणाऱ्या आपल्या छोट्या व्यवसायाचेच नाव ग्रेग गिन यांनी ध्वनिमुद्रिकांसाठी वापरले आणि ब्लॅक फ्लॅग या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. या संस्थेचे कर्तृत्व मोठे आहे. जुलै १९८४ मध्ये तिने हस्कर डू या मिनियापोलिस भागातील बँडचा 'झेन आर्केड' आणि सॅन पेद्रोच्या मिनिटमेनचा 'डबल निकल्स ऑन द डाइम' असे दोन जोडसंग्रह प्रकाशित केले. 'झेन आर्केड'च्या ध्वनिमुद्रणाला व मिश्रणाला मिळून सुमारे पंच्याऐंशी तास आणि सुमारे ३,२०० डॉलर लागले. एवढ्या अल्प खर्चात असे महत्त्वाकांक्षी काम होऊ शकते, हे त्या वेळी मोठ्या कंपन्यांना पटणे अवघड होते. हस्कर डू जोडसंग्रह करीत आहेत हे कळताच मिनिटमेननी आणखी गाणी रचून आपलाही संग्रह दुप्पट केला. ही स्पर्धा मैत्रीची होती. मिनिटमेनचे गायक-गिटारवादक डी. बून यांचा २२ डिसेंबर १९८५ रोजी ॲरिझोनातील वाहन अपघातात मृत्यू झाला आणि तो बँड तेथेच थांबला.

मालकीचा काच एसएसटीने स्वतः सोसला होता, ही बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे. ब्लॅक फ्लॅगचा 'डॅमेज्ड' (१९८१) हा संग्रह युनिकॉर्न या कंपनीमार्फत व एमसीएच्या वितरणाखाली निघणार होता. पालकविरोधी आशयाचे कारण देऊन एमसीएच्या अधिकाऱ्याने वितरणास नकार दिला. पुढे युनिकॉर्नशी झालेल्या वादात न्यायालयाने ब्लॅक फ्लॅगला स्वतःच्या नावाने नवी ध्वनिमुद्रिका काढण्यास मनाई केली. जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्रह बँडचे नाव न छापता, केवळ वादकांची नावे देऊन काढण्यात आला. त्यातून न्यायालयाच्या अवमानाचा ठपका येऊन गिन आणि चक डुकोव्स्की यांना १९८३ मध्ये काही दिवस तुरुंगात काढावे लागले. युनिकॉर्न दिवाळखोरीत गेल्यावरच बँडला आपले नाव परत मिळाले.

ज्याने स्वतःच्या नावासाठी तुरुंगवास भोगला, त्याच गिन यांच्या संस्थेकडून आपल्या फिती आणि मानधन मिळविण्यासाठी पुढे अनेक बँडांना झगडावे लागले. सॉनिक यूथने आपले हक्क कायदेशीर मार्गाने सोडवून घेतले. मीट पपेट्सचे संग्रह १९९९ मध्ये दुसऱ्या कंपनीकडून पुन्हा निघाले. डायनोसॉर ज्युनियरचे सुरुवातीचे संग्रह २००५ मध्ये मर्ज या कंपनीने काढले आणि त्याच वर्षी त्या बँडचे मूळ तीन सदस्य पुन्हा एकत्र आले. ही जोडी योगायोगाची नाही. हक्क सुटला म्हणून जुनी गाणी बाजारात आली, गाणी आली म्हणून दौऱ्याला निमित्त मिळाले, आणि दौऱ्यामुळे बँड पुन्हा 'जिवंत' झाला.

हस्कर डूच्या वाट्याला हे आले नाही. १९८६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सकडे गेलेला हा बँड १९८८ च्या आरंभी कटुतेने फुटला. बॉब मोल्ड आणि ग्रँट हार्ट या दोन गीतकारांमधील दुरावा हे त्याचे सर्वज्ञात कारण. पुढे अनेक वर्षे चाहत्यांनी त्यांच्या पुनर्मीलनाची वाट पाहिली, ती मुख्यतः या दोघांच्या मनाकडे पाहून. फितींकडे फारसे कोणी पाहिले नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने 'सॅव्हेज यंग डू' हा भव्य संच प्रकाशित केला, तेव्हा त्यात केवळ १९७९ ते १९८२ या काळातील, म्हणजे एसएसटीपूर्वीची ध्वनिमुद्रणे होती. कारण नंतरची कीर्तिमान ध्वनिमुद्रणे एसएसटीच्या ताब्यात होती. परिणामी, ज्या बँडची थोरवी 'झेन आर्केड'वर उभी आहे त्याचे सर्वांत काळजीपूर्वक केलेले स्मारक त्याच्या उमेदवारीच्या काळाचे आहे. नव्या श्रोत्याच्या मनातील हस्कर डूची प्रतिमा यामुळे सरकते. इतिहासाच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही. ज्या कालखंडाचे दप्तर उपलब्ध, त्याचाच इतिहास विस्ताराने लिहिला जातो. ग्रँट हार्ट यांचे सप्टेंबर २०१७ मध्ये, हा संच बाहेर येण्यास काही आठवडे उरले असताना, निधन झाले.

ब्लॅक फ्लॅगच्या नावाचा प्रश्न २०१३ मध्ये पुन्हा उपस्थित झाला. त्या वर्षी गिन यांनी ब्लॅक फ्लॅग या नावाने दौरा जाहीर केला आणि त्याच सुमारास कीथ मॉरिस, डुकोव्स्की, बिल स्टीव्हन्सन इत्यादी माजी सदस्य 'फ्लॅग' या नावाने तीच गाणी सादर करू लागले. गिन यांनी दावा दाखल केला. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम देण्यास नकार दिला आणि पुढील वर्षी प्रकरण तडजोडीने मिटले. ज्या डुकोव्स्कींनी तीस वर्षांपूर्वी गिन यांच्यासमवेत तुरुंगवास भोगला होता, ते आता समोरच्या पक्षात होते. २०२५ मध्येही एका बाजूला तीन तरुण कलावंतांना घेऊन गिन यांचा ब्लॅक फ्लॅग आणि दुसऱ्या बाजूला जुन्या सदस्यांचा फ्लॅग असे चित्र दिसले. यातील 'खरा' बँड कोणता, या प्रश्नावर चाहत्यांत तावातावाने वाद होतो. नाव एका बाजूला आणि माणसे दुसऱ्या बाजूला गेल्यावर याहून वेगळे काही होणे शक्य नव्हते.

सॅन फ्रान्सिस्को : तत्त्व आणि मानधन

डेड केनेडीज या बँडचे गायक जेलो बिआफ्रा यांचे नाव अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या लढ्याशी जोडलेले आहे आणि ते योग्यच आहे. 'फ्रँकेनक्राइस्ट' (१९८५) या संग्रहासोबत दिलेल्या एच. आर. गिगर यांच्या चित्रावरून त्यांच्या घरावर १९८६ मध्ये छापा पडला. १९८७ मध्ये लॉस एंजेलिस येथे खटला चालला, ज्यूरीत एकमत झाले नाही आणि प्रकरण निकाली निघाले. तोपर्यंत बँड मात्र संपला होता. बिआफ्रा यांच्या अल्टरनेटिव्ह टेंटॅकल्स या प्रकाशनसंस्थेला पंकच्या नैतिक सामर्थ्याचे एक केंद्र मानले जाई.

त्यामुळे १९९८ मध्ये उद्भवलेल्या वादाने अनेकांना धक्का बसला. उर्वरित तीन सदस्यांनी थकलेल्या मानधनावरून बिआफ्रा व त्यांच्या संस्थेविरुद्ध दावा लावला. २००० मध्ये ज्यूरीने सदस्यांच्या बाजूने कौल देऊन दोन लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरविली आणि २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. एका गाण्याचा लेव्हाइज कंपनीच्या जाहिरातीसाठी वापर करू देण्यास आपण नकार दिला, हेच भांडणाचे मूळ असे बिआफ्रा यांचे म्हणणे, तर मुद्दा केवळ हिशेबाचा असे इतरांचे. चाहत्यांनी या वादाला तत्त्वनिष्ठा विरुद्ध धनलोभ असे सोपे रूप दिले. परंतु सहकाऱ्यांचे मानधन वेळेवर देणे हाही तत्त्वाचाच भाग असतो आणि मोठ्या कंपन्यांच्या शोषणावर टीका करणाऱ्या संस्थेकडून तर त्याची अपेक्षा अधिक. निकालानंतर ध्वनिमुद्रणांचे हक्क बँडच्या बहुमताकडे गेले. २००१ पासून डेड केनेडीज या नावाने होणारे कार्यक्रम बिआफ्रा यांच्याविना होत आले आहेत. ज्या आवाजामुळे ते नाव लक्षात राहिले, तो आवाज वगळून ते नाव पुढे चालू राहिले.

पस्तीस वर्षांची मुदत

अमेरिकेच्या १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील एक तरतूद या संदर्भात महत्त्वाची आहे. १९७८ पासून निर्मात्याने दुसऱ्यास दिलेले हक्क साधारणतः पस्तीस वर्षांनंतर, विहित मुदतीत नोटीस देऊन, परत घेता येतात. म्हणजे २०१३ पासून १९८० च्या आसपासच्या करारांची मुदत क्रमाक्रमाने भरू लागली. ध्वनिमुद्रण हे कंपनीच्या आदेशावरून केलेले काम मानावे की कलावंताची स्वतंत्र निर्मिती, यावर कायदेशीर मतभेद असल्यामुळे हा मार्ग सरळ नाही. तरीही वाटाघाटीत कलावंताची बाजू त्याने बळकट केली. २०१० नंतर जुन्या ध्वनिमुद्रणांची पुनःप्रकाशने वाढली, त्यामागे चाहत्यांचे वाढते वय आहे, तबकड्यांची नव्याने आलेली हौस आहे, आणि पार्श्वभूमीला ही मुदतही आहे.

कायद्याची मदत प्रतिमेच्या बाबतीत फारशी होत नाही, हे मायनर थ्रेटच्या अनुभवावरून दिसते. पायऱ्यांवर बसून, डोके खाली टेकवलेल्या मुंडण केलेल्या मुलाचे छायाचित्र त्या बँडच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर होते. २००५ मध्ये नाइके कंपनीने आपल्या स्केटबोर्ड दौऱ्याच्या जाहिरातीसाठी त्या चित्राची व अक्षररचनेची नक्कल करून, बँडच्या नावात एक शब्द बदलून भित्तिपत्रक काढले. निषेध झाल्यावर कंपनीने माफी मागून ते मागे घेतले. हा विजय मानला गेला. पण त्यानंतर काही वर्षांनी, २०१३ मध्ये, एका मोठ्या वस्त्रविक्रेत्याच्या दुकानांत मायनर थ्रेटचे सदरे रीतसर परवान्याने विकले जाऊ लागले. बनावट सदऱ्यांमागे धावण्यात वेळ दवडण्यात अर्थ नाही, अशी मकाय यांची भूमिका होती. तिच्यावर टीका झाली. ती टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी डिस्कॉर्डकडून ध्वनिमुद्रिका विकत घेतली होती, हे विचारण्याजोगे आहे.

फुगाझीचे दप्तर

मकाय यांचा पुढचा बँड फुगाझी ३ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये प्रथम श्रोत्यांसमोर आला. शक्यतो पाच डॉलर प्रवेशशुल्क, सर्व वयाच्या श्रोत्यांना प्रवेश आणि बँडच्या नावाचे सदरे विक्रीस न ठेवणे, हे त्याचे नियम. २००२ मधील लंडन येथील कार्यक्रमांनंतर बँड थांबला आणि त्याने पुनर्मीलनाचा दौरा केलेला नाही. जे केले ते असे. सुमारे हजार कार्यक्रमांपैकी आठशेहून अधिक कार्यक्रमांच्या फिती ध्वनितंत्रज्ञांनी केल्या होत्या. डिसेंबर २०११ पासून त्या इंटरनेटवर क्रमाने उपलब्ध करून देण्यात आल्या. सुचविलेली किंमत पाच डॉलर, परंतु श्रोत्याला एक ते शंभर डॉलर यांमधील कोणतीही रक्कम देण्याची मुभा. त्यात बिघडलेली वाद्ये आहेत, विसरलेल्या ओळी आहेत, मारामारी करणाऱ्या प्रेक्षकांना थांबविण्यासाठी मध्येच बंद केलेले गाणे आहे. निवडक उत्तम तेवढे ठेवण्याचा मोह टाळला आहे.

ज्या कार्यक्रमांची फीत नाही त्यांचीही नोंद या दप्तरात केलेली आहे. दिनांक, गाव, सभागृह, आणि माहीत असेल तेथे प्रवेशशुल्क व उपस्थिती. अशा नोंदींपुढील जागा मोकळी ठेवून, त्या रात्री हजर असलेल्या कोणाकडे छायाचित्र, पत्रक किंवा खिशात लपवून नेलेल्या यंत्रावर केलेले ध्वनिमुद्रण असेल तर ते पाठवावे, असे आवाहन केलेले आहे.